बिपिनचा तो गोल आणि तुमचे प्रश्न

4 मे 2024 च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटीने मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएल कप (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉलची मोठी लीग) जिंकला, आणि तेव्हापासून या सदराला दुसरा विषयच उरलेला नाही. गोव्यातून आलंय, कोल्हापुरातून आलंय, खुद्द कोलकात्यात नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकाचंही पत्र आहे. सगळ्यांना जागा देता येणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतोय. आधीच सांगतो, मी मुंबईवाला आहे आणि ही टीम माझी आहे, ते लपवणार नाही.

प्रश्न: हाफटाइमला आपण 1-0 ने मागे होतो, समोर साठ हजारांच्या वर त्यांचं पब्लिक, आणि वीस दिवसांपूर्वी याच ग्राउंडवर आपण शील्ड घालवली होती. मग दुसऱ्या हाफमध्ये असं काय झालं की टीमच बदलून गेली? कोचने काय जादू केली? (ठाण्याहून एक वाचक)

दादा, टीम बदलली नाही, खरं सांगायचं तर तेच तर सगळ्यात भारी होतं.

जरा मागे जाऊया. शील्ड म्हणजे लीगमध्ये पहिला येईल त्याची ट्रॉफी. 15 एप्रिलला लीगची शेवटची मॅच होती, मुंबई 47 पॉइंटवर, बागान 45 वर, आपल्याला नुसता ड्रॉ पुरला असता. आणि आपण 2-1 हरलो. बागानच्या लिस्टन कोलासोने पहिला मारला, मग कमिंग्सने दुसरा, आपल्या छांगतेचा गोल आला तोपर्यंत 89वं मिनिट झालेलं आणि हातातून सगळं गेलेलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की ड्रॉ पुरेल हे डोक्यात असलं की पाय आपोआप मागे जातात, ना धड बचाव होतो ना धड हल्ला.

फायनलमध्ये तो प्रश्नच नव्हता, जिंकायचंच होतं. पहिला हाफ परत बघा, आपण वाईट खेळत नव्हतो, छांगतेचा तर बॉल गोलच्या फ्रेमला लागून गेला. आणि मग 44व्या मिनिटाला बागानच्या पेट्राटोसने लांबून मारलं, आपला गोलकीपर लाचेंपाच्या हातातून बॉल सुटला, कमिंग्स तिथेच उभा. आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून बघत होतो, पन्नासेक जण असतील, त्या गोलनंतर कुणी काही बोललंच नाही, चहाचा थर्मास फिरत होता तोही मध्येच थांबला. माझ्या शेजारी बसलेले काका खुर्ची घडी करून उठले, म्हणाले आता काय बघायचं, परत तेच होणार.

पण दुसऱ्या हाफची पहिली पाच मिनिटं बघितली आणि मला बरं वाटायला लागलं, कारण मागून लांब लांब बॉल फेकायला सुरुवात झाली नव्हती. मागे पडलेली टीम घाबरली की पहिलं लक्षण तेच असतं, गोलकीपर आणि डिफेंडर सरळ पुढे बॉल उडवायला लागतात आणि मिडफिल्डवाले मान वर करून बघत राहतात. इथे आपले व्हॅन नीफ आणि अपुइया मधे बॉल घेत होते, देत होते, परत घेत होते, बागानच्या माणसांना इकडून तिकडे पळवत होते. बागानचा हबास कोच म्हणून कसा आहे ते आपल्याला माहितीये, पुढे गेला की दार लावून घेतो आणि काउंटरवर, म्हणजे अचानक उलट्या हल्ल्यावर, जगतो, त्याच्या टीमला पळवून दमवल्याशिवाय ते दार उघडत नाही. आणि मे महिन्यातलं कोलकाता, हवेत केवढा दमटपणा, बॉलमागे पळणाऱ्याला बॉल पास करणाऱ्यापेक्षा दुप्पट घाम येतो.

53व्या मिनिटाला डिफेन्सच्या मागे एकच लांब बॉल पडला, पण तो घाबरून उडवलेला नव्हता, बघून टाकलेला होता, आपल्या परेरा डियाझने योग्य वेळी पळ काढला आणि बागानचा गोलकीपर विशाल कैथला काही करता आलं नाही. 1-1. त्यानंतर बागानला ठरवताच येईना की पुढे यायचं की मागे बसायचं, त्यांच्या लाइनमध्ये फटी पडायला लागल्या. 81व्या मिनिटाला बिपिन, आणि अगदी शेवटी, 90 वर 7 मिनिटं झालेली असताना, वोइटूस. बिपिन आणि वोइटूस दोघंही बेंचवरून आलेले. म्हणजे कोचचं काम विचाराल तर हे, खेळायची पद्धत तीच ठेवली आणि ताजे पाय योग्य वेळी आणले. पेत्र क्रॅटकी डिसेंबरमध्ये आला, आधीचा कोच डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये टीम सोडून इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला होता, मग जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्टसारखा प्लेअरही निघून गेला. हंगामाच्या मधोमध एवढं सगळं हललं की बाकीच्या टीम कोसळतात. ही उभी राहिली.

(बकिंगहॅमबद्दल पण आनंद आहे हं, 18 मेला वेम्ब्लीवर त्याच्या ऑक्सफर्डने बोल्टनला 2-0 हरवून वरच्या डिव्हिजनमध्ये जागा मिळवली. एकाच महिन्यात आपला जुना कोचही जिंकला आणि नवाही.)

आणि हो, ते काका तिसऱ्या गोलला हॉलच्या दारात उभे राहून ओरडत होते. घरी गेलेच नव्हते ते, बाहेर व्हरांड्यातून बघत होते.

प्रश्न: माझं गाव सांगली, पण दहा वर्षं कोलकात्यात आहे आणि आता मी बागानचाच झालोय. 22 मॅचमध्ये पहिला नंबर आमचा, मग चॅम्पियन मुंबई कशी? हे मला पटत नाही. (कोलकात्याहून एक वाचक)

तुमचं दुःख कळतं आणि तुमचा मुद्दा चुकीचा पण नाहीये. दोन वेगळ्या ट्रॉफी आहेत, लीगमध्ये पहिला येईल त्याला शील्ड, ती तुमची, 48 पॉइंट घेऊन जिंकलेली, ती कुणी काढून घेत नाही. आणि आशियातल्या स्पर्धेत जायचा मान शील्डवाल्याला मिळतो, म्हणजे तो मानही तुमचाच. मग 2023-24 च्या या हंगामात वरच्या सहा टीमचा प्लेऑफ, पहिले दोन थेट सेमीत, तीन ते सहा नंबरवाले एकेका मॅचवर, सेमी दोन लेगची, म्हणजे एकमेकांच्या ग्राउंडवर एकेक मॅच, फायनल एकच. त्याचा कप. तो आमचा.

मला विचाराल तर अख्ख्या लीगची शील्ड जिंकणं जास्त अवघड आहे, हे मी 2023 मध्ये आम्ही 46 पॉइंट घेऊन ती जिंकलो तेव्हाही म्हणत होतो, आता तुम्ही जिंकलात म्हणून शब्द फिरवणार नाही. पण कपचं मोल वेगळं आहे, एका रात्रीत, लोकांसमोर, चूक झाली तर उद्या नाही, अशा अवस्थेत कोण कसा खेळतो ते तिथे दिसतं. 1911 साली अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज फौजेच्या टीमला 2-1 हरवणाऱ्या क्लबच्या माणसाला एका फायनलचं महत्त्व मी काय सांगणार.

प्रश्न: फातोर्ड्याला मी होते, नवऱ्यासोबत आणि दोन मुलांसोबत. 90 मिनिटं होईपर्यंत 2-0, आमची धाकटी नाचत होती. मग सहा मिनिटांत तीन गोल. मला अजून झोप नीट लागत नाही. ही टीम शेवटी नेहमी असं का करते? (मडगावहून एक वाचक)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी त्या रात्री आनंदाने ओरडत होतो आणि त्याच वेळी फातोर्ड्याच्या स्टँडमधलं कुणीतरी असं बसलं असेल हे डोक्यात नव्हतं, आता आहे.

काय झालं ते सरळ सांगतो. सेमीचा पहिला लेग, गोव्यात फातोर्ड्याला, एफसी गोवा आणि मुंबई. गोव्याच्या बोरिस सिंगने 16व्या मिनिटाला, मग ब्रँडनने दुसऱ्या हाफमध्ये, तोपर्यंत गोवाच भारी होती, त्यात वादच नाही, कोच मानोलोने टीम मस्त बांधली होती. पण 2-0 वर शेवटची पंधरा मिनिटं आली आणि गोवा हळूहळू मागे सरकत गेली. हे कोणी सांगून होत नाही, पाय आपले आपण मागे येतात. सेमीचा दुसरा लेग मुंबईत आहे, दोन गोलची लीड घेऊन जायचंय, मग कशाला धोका, असं वाटतं. आणि मागे आलं की पेनल्टी बॉक्ससमोर मुंबईला बॉल फिरवायला जागा मिळते, छांगतेसारखा डाव्या पायाचा माणूस उजवीकडून आत यायला लागतो, आणि तो एकदा आत वळला की डिफेंडरला कळत नाही बाहेर ढकलू की आत अडवू. 90व्या मिनिटाला छांगते, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, आणि 96व्याला परत छांगते. पहिला गोल खाल्ल्यावर गोव्याने बॉल पायाखाली घेऊन एक मिनिट जरी शांतपणे काढलं असतं ना, तर निदान लीड तरी टिकली असती. पण 2-1 झाल्यावर सगळे एकमेकांकडे बघत होते, ते टीव्हीवर पण दिसत होतं.

तुम्ही म्हणता नेहमी असं का. तुमच्या मनात 2015 असणार, तोच फातोर्डा, फायनल, 90 मिनिटांपर्यंत गोवा 2-1 पुढे आणि चेन्नईयनने शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल मिळवून कप नेला. आणि 2019 ची फायनल अंधेरीत, एक्स्ट्रा टाइममध्ये 117व्या मिनिटाला बंगळुरूचा हेडर. तो हेडर मारणारा कोण होता हे तुम्हाला माहीतच आहे, त्याच्याबद्दल पुढे एका प्रश्नात येतंय.

पण टीमला शाप वगैरे काही नसतो ताई. 2015 चे प्लेअर वेगळे, कोच वेगळा, 2024 चे वेगळे. गोवा नेहमी पुढे खेळायला जाणारी टीम आहे, गोल करणारी, बघायला सुंदर, आणि अशा टीमला लीड सांभाळून बसायची सवयच नसते. जी गोष्ट रोज करत नाही ती शेवटच्या सहा मिनिटांत कशी जमणार. मला विचाराल तर त्यांनी मागे न जाता तिसरा गोल शोधायला हवा होता, तोच त्यांचा खरा बचाव होता.

अजून एक सांगू का, आमच्या मुंबईच्या आनंदाला गोव्याची जागा कायम लागलेली आहे. 2021 ची शील्ड बांबोळीला, त्याच वर्षीचा कप फातोर्ड्याला, 2023 ची शील्ड पण फातोर्ड्यालाच, तुम्हाला 5-3 हरवून. चार ट्रॉफींपैकी तीन तुमच्या मातीवर. आणि 2021 च्या त्या टीममध्ये मंदार राव देसाई, म्हणजे तुमचाच मुलगा. धाकटीला सांगा, नाचणं सोडू नको.

प्रश्न: 20 डिसेंबरच्या मुंबई-बागान मॅचमध्ये खरंच सात रेड कार्ड होती का? मित्र म्हणतो मी थापा मारतो. (नाशिकहून एक वाचक)

खरंच होती. आपली चार, त्यांची तीन. आपण 2-1 जिंकलो.

प्रश्न: बिपिन सिंग बेंचवर का असतो? प्रत्येक मोठ्या मॅचला तोच गोल मारतो तर त्याला पहिल्यापासून का नाही खेळवत? (वसईहून एक वाचक)

हा प्रश्न चौदा जणांनी विचारलाय, शब्द वेगळे पण राग सारखाच, आणि मी त्या रागात सामील आहे.

आधी हिशोब मांडूया. 13 मार्च 2021, फायनल, समोर एटीके मोहन बागान (बागानचं तेव्हाचं नाव), 1-1, 90वं मिनिट, आपल्या ओगबेचेने त्यांच्या गोलकीपरला घाई करायला लावून बॉल काढला आणि बिपिनला दिला, गोल, कप. 20 डिसेंबर 2023, वर म्हटलं ती सात रेड कार्डवाली मॅच, समोर बागान, 1-1, विजयी गोल बिपिनचा. 4 मे 2024, फायनल, समोर बागान, 1-1, 81वं मिनिट, बिपिन. कोलकात्यात या मुलाचं नाव घेतलं तर लोक चहा खाली ठेवत असतील.

आता तो परवाचा गोल नीट बघा, मी वीस-पंचवीस वेळा तरी बघितलाय. बॉल बॉक्समध्ये त्याच्याकडे येतो आणि पहिली किक चुकते, अगदी चुकते, पाय बॉलवर नीट बसतच नाही. इथे बहुतेक जण डोक्याला हात लावतात, आकाशाकडे बघतात, पब्लिक पण आधीच हळहळायला लागलेलं असतं. बिपिन वर बघतच नाही. त्याची मान खालीच आहे, नजर बॉलवर, तो तसाच पुढचं पाऊल टाकतो आणि दुसऱ्यांदा मारतो आणि बॉल जाळीत. दोन किकमध्ये सेकंदाचंही अंतर नसेल. ज्या मुलाने मणिपूरच्या मैदानांवर लहानपणापासून खेळून खेळून हे अंगात मुरवलंय त्यालाच ते जमतं, कारण विचार करायला वेळच नसतो, जे अंगात असेल ते बाहेर येतं.

बेंचचं म्हणाल तर या हंगामात डावीकडे विक्रम प्रताप इतका छान खेळला की त्याला बसवणं अवघड होतं, लीगचा सर्वोत्तम उगवता प्लेअर म्हणून बक्षीस त्यालाच मिळालं. आणि पळून पळून समोरचा डिफेंडर दमला की त्याच्यावर बिपिन सोडायचा हा कोचचा विचार मला पटतो, मनाला लागत असला तरी. पण बेंचवर बसून मन कडू न करता शेवटची पंधरा-वीस मिनिटं जीव तोडून खेळणं हे सुरुवातीपासून खेळण्यापेक्षा कठीण आहे, 2021 चा हिरो होता तो, रोज पहिल्या अकरात असायचा. त्याने तोंड पाडलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. नाही पाडलं, आणि म्हणून कप आपल्याकडे आहे.

प्रश्न: लाचेंपाने फायनलमध्ये गोल खाल्ला, तो साधा बॉल होता. मोठ्या मॅचला अनुभवी गोलकीपर नको का? (पुण्याहून एक वाचक)

साधा नव्हता, लांबून जोरात आलेला होता, पण हो, हातातून सुटला आणि बाजूला न जाता समोर पडला, ते चुकलंच. पण त्याच मुलाला या हंगामाचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचं बक्षीस, मिळालाय, सिक्कीमचा पोरगा, वर्षभर त्याने जे वाचवलं त्याच्यावरच आपण 47 पॉइंटपर्यंत पोचलो. गोलकीपरची चूक सगळ्यांना दिसते कारण त्याच्या मागे कुणी नसतं. त्या गोलनंतर अख्खा दुसरा हाफ, साठ हजार लोक अंगावर ओरडत असताना, त्याच्याकडून पुन्हा गोल झाला नाही, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि आपला डिफेंडर टिरीचं बघा ना. 2021 च्या फायनलमध्ये तो बागानकडून खेळत होता आणि आपली 1-1 ची बरोबरी झाली ती त्याच्या स्वतःच्याच जाळीत गेलेल्या हेडरने. मध्ये गुडघा गेला, एक हंगाम जवळजवळ वाया. आणि परवा त्याच बागानसमोर मुंबईच्या शर्टात कप उचलला. चूक झाली म्हणून त्याला तेव्हा कुणी मोडीत काढलं असतं तर?

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये सरांनी त्याला डिफेन्सला टाकलंय, तो रडतो, म्हणतो मला गोल मारायचेत, मागे कुणी बघत पण नाही. त्याला काय सांगू? (डोंबिवलीहून एक आई)

त्याला राहुल भेकेची गोष्ट सांगा.

राहुल भेके मुंबईचा, आपला मराठी मुलगा, डिफेंडर. परवा कप पहिल्यांदा ज्याच्या हातात आला तो कॅप्टन हाच. आणि गोल म्हणाल तर, 2019 ची फायनल, अंधेरीत, 116 मिनिटं झाली आणि कुणालाच गोल होत नव्हता, तेव्हा कॉर्नरवर पुढे जाऊन हेडर मारला तो भेकेने, बंगळुरूला कप मिळवून दिला (मडगावच्या ताई, हाच तो). मग मुंबईत आला, आणि 11 एप्रिल 2022 ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबसमोर 1-1 असताना परत हेडर, परत भेके, मुंबई 2-1 ने जिंकली. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतातल्या क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच. पहिली! आणि तो गोल डिफेंडरचा.

पण ताई, त्याला गोलचंच आमिष दाखवू नका, हे पण सांगा की डिफेंडरला अख्खं ग्राउंड समोर दिसतं. फॉरवर्डची पाठ गोलकडे असते, मिडफिल्डवाला चारही बाजूंनी घेरलेला असतो, मागे उभा असलेलाच फक्त सगळ्यांना बघू शकतो, म्हणून टीममध्ये सगळ्यात जास्त बोलायचं काम त्याचं. 29 एप्रिलला सेमीच्या दुसऱ्या लेगला मी अंधेरीत अगदी खाली कठड्याजवळ उभा होतो, आणि टीव्हीवर जे कधी ऐकू येत नाही ते ऐकलं, डिफेन्समधून सतत आवाज, नावं, डावीकडे बघ, मागे माणूस आहे, थांब, आता जा. वेस्ट कोस्ट ब्रिगेडचे, म्हणजे आपल्या पाठीराख्यांचे, ढोल थांबले की मधल्या शांततेत ते आवाज यायचे. गोव्याला त्या दिवशी एकही गोल मिळाला नाही. आपला पहिला गोल 69व्या मिनिटाला आला, डियाझचा, मग 83व्याला छांगतेचा, पण तोपर्यंत सव्वा तास तो आवाजच मॅच धरून होता. मुलाला एकदा घेऊन जा आणि बॉलकडे बघू नको, दहा मिनिटं फक्त भेकेच्या जागेवर जो असेल त्याच्याकडे बघ, असं सांगा.

प्रश्न: आम्ही कूपरेजला लाकडी बाकांवर बसून रोव्हर्स कप बघितलेली माणसं. ओर्के मिल्स, मफतलाल, टाटा, महिंद्र. ही नवी टीम परदेशी मालकांची, तिच्यावर तुम्ही एवढा जीव का लावता? (गिरगावातून एक ज्येष्ठ वाचक)

काका, नमस्कार. तुमचं बरोबर आहे, मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपचा तेव्हा मोठा हिस्सा होता, कोचही त्यांच्याच घरातून यायचे, क्रॅटकी मेलबर्न सिटीतून आला. पण मला सांगा, गिरण्यांच्या टीम तरी आपल्या मालकीच्या कुठे होत्या? मालक मालकच होते, पण बाकावर बसून ओरडणारे आपण होतो म्हणून त्या आपल्या झाल्या. महिंद्र युनायटेड 2006 ला राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा मी कॉलेजला होतो, आपली मुंबई देशात पहिली, काय दिवस होते. आणि 2010 ला ती टीम बंद झाली. एका निर्णयात संपली. त्यानंतर चार वर्षं या शहरात तसं ओरडायला काही उरलं नव्हतं, ती पोकळी मी विसरलेलो नाही, म्हणून 2014 ला ही टीम आली तेव्हा मी मालक कोण ते नाही बघितलं.

आणि तुम्हाला एक खंत सांगतो, चार ट्रॉफी झाल्या पण एकही आपल्या शहरात जिंकलेली नाही. 2021 चा अख्खा हंगाम कोविडमुळे गोव्यात, स्टँड रिकामे, कप उचलताना टाळ्या वाजवायला पण कुणी नाही. अमेय रानवडे, आपलाच पोरगा, त्या फायनलमध्ये डोक्याला मार लागून अँब्युलन्समधून गेला आणि आपण सगळे घरात बसून टीव्हीसमोर हात जोडत होतो. परवाचा कप कोलकात्यात. मुंबईने मुंबईत ट्रॉफी जिंकलेली मला बघायचीये, आणि तेव्हा तुम्ही शेजारी असाल तर मला फार आवडेल, मी खरंच म्हणतोय.

प्रश्न: आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी मंडळ. शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. मुंबई सिटी जिंकली म्हणून आम्ही का नाचायचं? (कोल्हापुरातून एक वाचक)

नाचू नका हो! तुमच्याकडे पेठेपेठेची टीम आहे, तालमीच्या नावाने खेळणारी, जिच्यासाठी आजोबा भांडले तिच्यासाठीच नातू भांडतो, महाराष्ट्रात असं दुसरं गाव नाही. मला फक्त एवढंच वाटतं की त्या पेठांमधली पोरं वरच्या लीगमध्ये जास्त दिसायला हवीत. अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप खेळला, पुढे आयएसएलमध्ये गेला, पण एवढ्या वेड्या गावातून दरवर्षी दोन-तीन तरी यायला नकोत का? पब्लिक आहे, ईर्षा आहे, पोरं मातीत पडून उठून खेळणारी आहेत. चौदा-पंधराव्या वर्षी त्यांना उचलून नीट शिकवणारं, खायला घालणारं, गुडघा दुखला तर डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी हवंय, तिथे गाडी अडते. मुंबई सिटीने तुमच्या शाहू स्टेडियमवर येऊन मुलं बघावीत हे मी जिथे जमेल तिथे बोलत असतो, यापुढेही बोलत राहीन.

प्रश्न: अंधेरीला पहिल्यांदाच मॅच बघायला जायचंय, बायको आणि मुलगी बरोबर. कसं जायचं? (कल्याणहून एक वाचक)

कल्याणहून घाटकोपरला उतरा, तिथून मेट्रो पकडा, आझाद नगर स्टेशन, पुढे चालत. मॅच रात्रीच्या असतात त्यामुळे निदान एक तास आधी पोचा, गेटवर बॅगा तपासतात, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, मोठी बॅग नेऊच नका. मुलगी लहान असेल तर ढोलवाल्यांच्या स्टँडपासून थोडं लांबचं तिकीट काढा, आवाज फार असतो. तिला निळा शर्ट घाला. आणि परतीला शेवटची मेट्रो गाठायची म्हणून 85व्या मिनिटाला उठू नका, या टीमच्या बाबतीत तर नाहीच.